व्हॅलिरियाचं पोलाद आणि तेलंगणाची मूस

'गेम ऑफ थ्रोन्स'चा चौथा सीझन एका भट्टीपाशी सुरू होतो. नेड स्टार्कची अवाढव्य तलवार वितळवून तिच्या दोन तलवारी केल्या जातात आणि टायविन लॅनिस्टर शेजारी उभा राहून बघतो. व्हॅलिरियन पोलादाची नवी तलवार हवी असेल तर जुनी मोडावी लागते, कारण ते पोलाद बनवणारं कोणी उरलेलं नाही. व्हॅलिरियाचा नाश झाला आणि विद्याही त्याच्याबरोबर गेली.

आपल्याला वाटतं, काय भारी कल्पना आहे! पण पाण्याच्या लाटांसारखी नक्षी अंगावर वागवणारं आणि कृती हरवलेलं पोलाद खरंच होतं. ते ड्रॅगनच्या आगीत तयार होत नव्हतं. ते दक्षिण भारतातल्या खेड्यांत, मातीच्या मुशीत तयार होत होतं.

इंग्रजांनी त्याला 'वुट्झ' म्हटलं. हा शब्द बहुधा कानडी-तेलुगू 'उक्कु'चा अपभ्रंश आहे. साध्या भट्टीत लोखंड पूर्ण वितळत नाही, मळी अडकलेला स्पंजासारखा गोळा हाती येतो. तो ठोकून ठोकून साफ करायचा, ही जगभरची रीत. दक्षिणेतल्या कारागिरांनी पुढचं पाऊल टाकलं. लोखंडाचे तुकडे आणि थोडं लाकूड, वर हिरवी पानं, असं सगळं मुशीत घालून तोंड मातीने लिंपायचं आणि कित्येक तास भाता मारायचा. 19व्या शतकातल्या नोंदींमध्ये तरवडाचं लाकूड आणि रुईची पानं सापडतात. आपल्याकडे माळावर उगवणारीच ही झाडं. त्यांच्यातला कार्बन लोखंडात शिरला की ते कमी तापमानाला वितळतं, आणि मूस हळूहळू थंड केली की साधारण दीड टक्का कार्बन असलेली पोलादाची वडी मिळते.

या वड्या दूरवर जात. आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातलं कोनासमुद्रम हे त्यासाठी प्रसिद्ध गाव. ईराणातल्या इस्फहानचे व्यापारी तिथे माल घ्यायला येत. पश्चिम आशियात त्या वड्यांच्या तलवारी घडत आणि युरोपात त्यांना 'दमास्कस' हे नाव मिळालं. गंमत म्हणजे आपला 'पोलाद' हा शब्द फारसीतून आलाय. दख्खनमधून माल ईराणला गेला आणि त्याचं नाव तिकडून मराठीत आलं. त्याच काळात मराठे सरदार युरोपी पात्याला देशी मूठ बसवून 'फिरंग' वापरत होते.

1790च्या दशकात मुंबईतल्या हेलेनस स्कॉट या कंपनीच्या डॉक्टरने वुट्झचे नमुने लंडनला जोसेफ बँक्सकडे पाठवले. 1795 मध्ये जॉर्ज पिअर्सनने रॉयल सोसायटीसमोर त्यावर निबंध वाचला. निबंधाच्या शीर्षकातच हे पोलाद मुंबईत बनतं असं म्हटलंय! पार्सल जिथून आलं, तेच कारखान्याचं गाव ठरलं. ज्यांनी ते बनवलं त्यांचं नाव सोडाच, गावही कागदावर आलं नाही.

मग मायकेल फॅरेडे आला. हो, विजेचा तोच. लोहाराचा मुलगा. 1819 पासून त्याने जेम्स स्टोडार्ट या शस्त्रक्रियेची हत्यारं घडवणाऱ्या कारागिराबरोबर वुट्झ तपासलं. त्याचा निष्कर्ष चुकला. त्याला वाटलं की सगळी करामत ॲल्युमिना आणि सिलिकाची आहे. तोच गुण आणायला त्याने लोखंडात प्लॅटिनम, चांदी, क्रोमियम असं काय काय मिसळून पाहिलं. वुट्झचं कोडं सुटलं नाही, पण मिश्र पोलादाच्या अभ्यासाला सुरुवात झाली. पुढे पॅरिसच्या ब्रेआँने दाखवलं की खरी गोष्ट कार्बनची आहे.

युरोपी लोहारांची अडचण आणखी साधी होती. ते सवयीने लोखंड पांढरंफट्ट तापवून ठोकत. इतक्या आचेवर वुट्झ भुगा होऊन पडतं, त्याला मंद लाल आचच चालते. ही आच मोजायचं साधन कारागिराच्या डोळ्यात होतं आणि डोळा जहाजातून पाठवता येत नाही.

लाटांच्या नक्षीचं उत्तर तर 1998 मध्ये मिळालं. अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी तशी पाती पुन्हा घडवून दाखवलं की खनिजात लाखात काही भाग इतकं व्हॅनेडियमसारखं मूलद्रव्य असलं, तरच वारंवार तापवण्या-ठोकण्यात कार्बाइडचे कण रांगेत बसतात. म्हणजे कारागिराने काहीही न चुकता केलं, पण खनिजाची खाण बदलली, तर नक्षी गायब!

आता व्हॅलिरियाकडे परत येऊ. तिथे विद्या एका दिवसात नष्ट होते. इथे कुठला ज्वालामुखी फुटला नाही. 1856 मध्ये बेसेमरने स्वस्त पोलादाची पद्धत काढली आणि विलायती माल बाजारात ओतू लागला. 1865 आणि 1878च्या वन कायद्यांनी जंगलावर सरकारी ताबा बसवला. कोळसा पाडायला झाडच तोडता येईना, तर भट्टी पेटणार कशी? 1878च्याच शस्त्र कायद्याने हत्यारांवर परवान्याची बेडी घातली. मुलगा बापाच्या भात्यापाशी बसेनासा झाला. कृती कुठे लिहिलेली नव्हतीच. ती हातात होती, हात थांबले आणि ती गेली.

फँटसी लिहिणारे तलवारीला नाव देतात, तिच्या मालकाला वंशावळ देतात. पण तलवारीमागे कोळसा पाडणारे, मुशीची माती मळणाऱ्या बायका-पुरुष, खनिज ओढणारे बैल आणि वड्या नेणारे तांडे असतात. यातला एक दुवा तुटला तरी जादू संपते. तुमच्यापैकी कोणी आपलं काल्पनिक जग रचत असाल, तर नकाशावर राजवाड्याआधी जंगल आणि खाण काढा. आणि भट्टीपाशी उभ्या माणसाला एक नाव द्या. कोनासमुद्रमच्या कारागिराला आपण ते देऊ शकलो नाही.