प्रस्तावना: अल्बा बर्लिन आणि जर्मन बास्केटबॉलचा इतिहास

क्रीडा-इतिहासाच्या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाला एकच विनंती आहे: जेतेपदांची यादी थोडा वेळ बाजूला ठेवावी. अल्बा बर्लिनने जर्मन अजिंक्यपद अकरा वेळा जिंकले, हे कोष्टकात एका नजरेत दिसते. क्लबला पैसा कुणी दिला, सामने कोणत्या हॉलमध्ये झाले, खेळाडू कुठे घडले, हे शोधायला मात्र बैठक मारावी लागते. या विषयाची खरी गोडी त्या शोधात आहे.

क्लबची मुळे पश्चिम बर्लिनमधल्या शार्लोटेनबुर्ग भागातली. 1991 मध्ये तिथल्या संघाला कचरा-व्यवस्थापनातली अल्बा ही बर्लिनचीच कंपनी प्रायोजक म्हणून लाभली आणि संघाने तिचे नाव घेतले. जर्मन बास्केटबॉलमध्ये ही पद्धत रूढ आहे, त्यामुळे जुनी वर्तमानपत्रे चाळताना एकच क्लब वेगवेगळ्या नावांनी भेटतो. बांबेर्गचा संघ 2005 मध्ये ‘जीएचपी’चे नाव लावून विजेता झाला, तर 2007 मध्ये ‘ब्रोझे’चे. आधी नावांची वंशावळ मांडून घ्यावी, मग पुढे जावे.

1995 च्या कोराच चषक या युरोपीय स्पर्धेपाशी मात्र जरूर रेंगाळावे. तेव्हा अंतिम फेरीत दोन सामने होत आणि दोन्हींतले गुण एकत्र मोजले जात. मिलानमधला पहिला सामना 87-87 असा बरोबरीत सुटला. बास्केटबॉलमध्ये बरोबरी हा शब्द सहसा ऐकू येत नाही, पण त्या नियमात ती चालत असे. बर्लिनमधला दुसरा सामना अल्बाने 85-79 असा जिंकला. युरोपीय चषक जिंकणारा हा पहिला जर्मन पुरुष संघ. प्रशिक्षक होते स्वेतिस्लाव पेशिच. 1993 मध्ये जर्मनीला युरोपचे विजेतेपद मिळवून देणारेही तेच.

आता नकाशा उघडावा. पूर्व जर्मनीने 1969 मध्ये पदकांचा हिशेब मांडून निवडक खेळांवर पैसा लावायचे ठरवले आणि बास्केटबॉल त्यातून वगळला गेला. बर्लिनच्या पूर्व भागात हा खेळ पुढची दोन दशके सरकारी आधाराविना राहिला. त्याच पूर्व भागात, प्रेन्झलाउअर बेर्गमधल्या माक्स श्मेलिंग हॉलमध्ये, 1996-97 च्या हंगामात अल्बाने मुक्काम हलवला. 2000 च्या ऑलिंपिकचे यजमानपद मिळावे म्हणून बर्लिनने आखलेला हा हॉल जुन्या भिंतीच्या रेषेला लागूनच आहे. त्याच हंगामात क्लबला पहिले अजिंक्यपद मिळाले आणि 2003 पर्यंत ते सलग सात वेळा बर्लिनलाच राहिले. 2008 मध्ये क्लब श्प्रे नदीकाठच्या आणखी मोठ्या हॉलमध्ये गेला, तोही पूर्वेकडचाच. पश्चिमेत जन्मलेल्या क्लबने पूर्वेत घर केले, ही घटना मला अकराही अजिंक्यपदांपेक्षा मोलाची वाटते. एकत्र आलेल्या बर्लिनचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तिची दखल घ्यायला हवी.

पुढे क्लबने शाळांत आणि बालवाड्यांत प्रशिक्षक पाठवण्यावर भर दिला. गोरगरिबांची मोठी वस्ती असलेल्या ग्रोपिउसश्टाटमध्येही हे काम उभे राहिले. 2020 च्या मार्चमध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा याच प्रशिक्षकांनी यूट्यूबवर मुलांसाठी रोजचा व्यायामाचा तास सुरू केला. विजेतेपदांच्या कोष्टकात अशा कामाला रकाना नसतो.

या पायाभरणीचे फळ 2023 मध्ये मनिलाला दिसले. जर्मनीने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सर्बियाला 83-77 असे हरवले. त्या संघातले मोरित्झ आणि फ्रान्झ वाग्नर हे भाऊ अल्बातच घडलेले. समोर सर्बियाचे प्रशिक्षक कोण? तेच पेशिच.

महिला संघाचा अभ्यास अजून व्हायचा आहे. 2024 मध्ये अल्बाच्या महिलांनी जर्मन अजिंक्यपद मिळवले, पण लिहिले जाते ते बहुतेक पुरुषांबद्दलच. नव्या अभ्यासकाने पहिला विषय म्हणून हाच घ्यावा. त्या खेळाडू आज मैदानावर आहेत आणि त्यांच्याशी थेट बोलता येते.