टाऊ : राख की ठिणगी?

आजचा विषय वैद्यकातला आणि मी पडलो तत्त्वज्ञानाचा माणूस. पण या विषयाच्या पोटात एक प्रश्न आहे, तो आमच्या घरचा आहे. कारण कशाला म्हणायचं? मेंदूत सापडलेली एखादी वस्तू रोगाची ठिणगी आहे, की रोग होऊन गेल्यावर उरलेली राख? घरात स्मृतिभ्रंश झालेलं माणूस असलं की हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. औषध कशावर शोधायचं, हे त्यावरच ठरतं.

नोव्हेंबर १९०१. फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. आलोइस आल्झायमर यांनी नाव विचारलं, ती म्हणाली ऑगुस्टे. आडनाव विचारलं, तरी ऑगुस्टे. नवऱ्याचं नाव? बहुधा ऑगुस्टे. एप्रिल १९०६ मध्ये ती वारली. आल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. तिचा मेंदू त्यांच्याकडे तिथं पाठवला गेला. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांत त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर साचलेले थर, आणि पेशींच्या आत जाड तंतूंचे गुंते. काही जागी तर पेशी पार विरून गेली होती, फक्त गुंता मागे उरला होता. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. एकाही श्रोत्यानं प्रश्न विचारला नाही!

तो गुंता कशाचा, हे कळायला पुढे सुमारे ऐंशी वर्षं लागली. आणि धागा सापडला तो भलतीकडेच. १९७५ साली प्रिन्स्टनमध्ये मार्क कर्शनर आणि त्यांचे सहकारी डुकराच्या मेंदूतून प्रथिनं वेगळी करत होते. स्मृतिभ्रंश त्यांच्या मनातही नव्हता. पेशीतल्या सूक्ष्मनलिका कशा उभ्या राहतात, एवढंच त्यांना हवं होतं. त्या उभारणीला मदत करणाऱ्या प्रथिनाला त्यांनी ग्रीक अक्षराचं नाव दिलं, टाऊ.

आता हे काम नीट समजून घेऊ. चेतापेशीचा एक तंतू खूप लांब असतो. पेशीच्या मध्यात तयार झालेला माल त्याच्या टोकापर्यंत पोचवायचा, तो या नलिकांच्या रुळांवरून. टाऊ त्या रुळांना चिकटून त्यांना आधार देतो. टाऊवर फॉस्फेटचे रेणू बसतात, उतरतात; ते नेहमीचंच. पण ते फाजील बसले की टाऊची पकड सुटते. सुटे झालेले रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे तंतू वळले जातात. म्हणजे नुकसान दुहेरी झालं : रूळ खिळखिळे, आणि पेशीच्या आत अडगळ. टोकाकडचे सांधे, जिथं एक पेशी दुसरीशी बोलते, ते आधी निकामी होतात.

१९८६ च्या सुमारास न्यूयॉर्क, ब्रुसेल्स आणि केंब्रिज इथल्या कामांतून एक गोष्ट पक्की होत गेली : आल्झायमरच्या गुंत्यातला मुख्य ऐवज हाच टाऊ, आणि तोही फॉस्फेटनं लादलेला. शत्रू बाहेरून आलेला नव्हता, घरातलाच कामकरी बिघडला होता.

पण म्हणून तो कारण ठरला का? आपल्या नैयायिकांनी अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन कसोट्या सांगितल्या आहेत. अन्वयाची बाजू १९९१ मध्ये भक्कम झाली. त्याच फ्रँकफुर्टमध्ये हायको आणि एफा ब्राक यांनी दाखवलं की गुंते स्मृतीशी निगडित भागाच्या कडेला सुरू होतात आणि ठरावीक क्रमानं पसरतात. रोग्याची अवस्था या पसरण्याशी बाहेरच्या थरांपेक्षा जास्त जुळते. तरी विरोधक म्हणत, ही राखच आहे, आग दुसरीकडे आहे.

त्यांना उत्तर मिळालं १९९८ साली. काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या एका स्मृतिभ्रंशात दोष थेट टाऊच्या जनुकात सापडला. त्या मेंदूंत बाहेरचे थर हे रोगाचं लक्षणच नव्हतं. टाऊ बिघडला, तेवढंच पुरलं. माझ्या मते, या साऱ्या इतिहासातला सर्वांत निर्णायक युक्तिवाद हाच. अर्थात आल्झायमरमध्ये पहिला धक्का टाऊचाच असतो, असं त्यातून सिद्ध होत नाही. तिथं जनुकाचे दाखले बाहेरच्या थरांकडे, अमिलॉइडकडे, बोट दाखवतात.

२०१७ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी रोग्याच्या मेंदूतल्या टाऊ तंतूंची घडी जवळजवळ अणूंच्या पातळीवर पाहिली. पुढे कळलं, वेगवेगळ्या रोगांत ही घडी वेगळी असते. टाऊवर सोडलेल्या पहिल्या काही प्रतिपिंडांच्या चाचण्यांत मात्र रोग्यांना अपेक्षित फायदा झाला नाही. प्रतिपिंडं मुख्यतः पेशीबाहेरच्या टाऊला गाठतात; गुंता तर आत असतो. म्हणून आता काही जण टाऊ पेशीत तयार होण्याचं प्रमाणच कमी करून पाहताहेत.