‘कामात आणणे’ : एका क्रियापदाचा इतिहास

कायद्याची भाषा ललित वाङ्मयाइतक्याच बारकाईने वाचली पाहिजे, असे आम्हांस वाटते. एका क्रियापदाच्या अर्थावर औषधाची किंमत ठरते आणि ते कोणत्या गावी घडवायचे, हेही ठरू शकते. पेटंट ‘कामात आणणे’ हे असेच एक क्रियापद.

भारतातील ८० ते ९० टक्के पेटंटे परकीयांच्या हाती असून त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक येथे कामात आणलीच जात नाहीत, असे न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९च्या अहवालात नोंदवले. मक्तेदारी इथली, कारखाना तिकडचा, असा तो व्यवहार होता. १९७०च्या कायद्याने औषधाच्या पदार्थाला पेटंट नाकारले. केवळ प्रक्रियेला दिले. देशी औषधनिर्मिती त्यातून फोफावली. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५पासून पदार्थाचे पेटंट परत आले.

मग बायरचा खटला उभा राहिला. ‘नेक्साव्हर’ या कर्करोगावरील औषधाचा महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपये होता. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि किंमत ८,८८० रुपयांवर आणली. परवान्याच्या कारणांपैकी एक असे, की बायर हे औषध आयात करते, येथे बनवत नाही. म्हणजे पेटंट भारतात कामात आणलेले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली परवाना कायम ठेवला. मात्र ‘कामात आणणे’ म्हणजे प्रत्येक वेळी येथेच उत्पादन करणे नव्हे, येथे उत्पादन का शक्य नाही हे पेटंटधारकाने पटवून दिल्यास आयातही चालू शकेल, अशी मुभा ठेवली.

रुग्णांना या निकालाने दिलासा मिळाला, यात शंका नाही. पण ‘काम’ या शब्दाभोवती फिरलेल्या या वादात कामगार पक्षकार नव्हता. वादाच्या आगेमागेच ठाण्यात कोलशेत रस्त्यावरील बायर समूहाच्या कारखान्याची शंभर एकरांहून अधिक जमीन घरबांधणीसाठी विकली गेली. २०१४ साली ग्लॅक्सोच्या ठाण्यातील सुमारे ६० एकर जमिनीचा ५५५ कोटींचा करार झाला. बायरच्या या कारखान्यात कीटकनाशके बनत, नेक्साव्हर नव्हे; तेव्हा खटल्यामुळे कारखाना गेला, असे म्हणणे खोटे ठरेल. जमिनीचा भाव हे कारण त्याहून जवळचे आहे. तरीही दोन्हींत एकच प्रश्न दडलेला आहे : नफा येथे मिळवायचा, तर काम येथे द्यावे लागते का?

गिरणी कामगाराला नारायण सुर्वे यांची कविता लाभली. कल्याण-डोंबिवलीहून लोकलने ठाण्याच्या कारखान्यांत येणाऱ्या औषध कामगाराच्या वाट्याला मराठीत तेवढे लेखन आलेले नाही. निकालपत्रांत तो नाही, मनोऱ्यांच्या जाहिरातींतही नाही. त्याची नोंद करण्याचे काम आता साहित्याच्या अभ्यासकांकडेही येते.