इद्दत : मुदत आणि मर्यादा

मुलचेरा हा आज गडचिरोली जिल्ह्यातील तालुका होय. पूर्वी हा प्रदेश मध्य प्रांताच्या चांदा जिल्ह्यात मोडत असे. पक्षकार मुसलमान असल्यास विवाहादी प्रश्नांना मुसलमानी कायदा लावावा, असा दंडक त्या प्रांतापुरत्या केलेल्या १८७५ च्या अधिनियमाच्या पाचव्या कलमाने घातला होता. १९३७ च्या शरीअत कायद्याने हीच दिशा दृढ केली. म्हणून येथील इद्दतीचा विचार करताना प्रथम शास्त्र व नंतर न्यायालयांचे अर्थनिर्णय पाहणे प्राप्त आहे.

‘इद्दत’ या अरबी शब्दाच्या मुळाशी गणनेची कल्पना आहे. घटस्फोटितेस तीन ‘कुरू’, विधवेस चार महिने दहा दिवस आणि गर्भवती घटस्फोटितेस प्रसूतीपर्यंत, अशी ही गणना होते. ‘कुरू’ म्हणजे हनफींच्या मते ऋतुकाल, तर शाफिईंच्या मते दोन ऋतूंमधील शुद्धिकाल. कोकणी मुसलमान बहुधा शाफिई व राज्यातील इतर सुन्नी बहुसंख्येने हनफी असल्यामुळे एकाच महाराष्ट्रात गणनेच्या दोन रीती आढळतात. पितृत्वाविषयी संदेह राहू नये आणि रद्द करता येण्याजोग्या तलाकानंतर समेटास अवसर मिळावा, हे या मुदतीचे प्रमुख हेतू होत.

तथापि अर्वाचीन वाद गणनेचा नसून पोटगीचा आहे. इद्दत संपली की पतीचे दायित्व संपते, असा युक्तिवाद शाहबानो खटल्यात झाला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी तो अमान्य केला. निर्वाह चालविण्यास असमर्थ असलेल्या घटस्फोटितेस फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम लागू आहे, असे ठरविले. त्यानंतरच्या १९८६ च्या कायद्याने वाजवी तरतूद व पोटगी पतीने इद्दतीच्या मुदतीत द्यावी, असे म्हटले. ‘मुदतीत’ म्हणजे ‘मुदतीपुरती’ काय, हा खरा प्रश्न होता.

मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० साली करीम अब्दुल रहमान शेख खटल्यात याचे नकारार्थी उत्तर दिले. डॅनियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हाच अर्थ ग्राह्य धरला : देण्याची मुदत इद्दतीची, परंतु तरतूद पुढील आयुष्याची. २००२ मध्ये औरंगाबाद येथील पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात तलाक पुराव्याने सिद्ध झाला पाहिजे, असे ठरविले. तलाकच सिद्ध नसेल तर इद्दतीचा आरंभ कोठून धरावयाचा, हे उघड आहे. १० जुलै २०२४ च्या निर्णयाने १२५ व्या कलमाचा मार्गही घटस्फोटितेस खुला असल्याचे पुन्हा स्पष्ट केले.

सारांश, शास्त्राने दिवस मोजण्यासाठी नेमलेली मुदत ही स्त्रीच्या निर्वाहाची मर्यादा ठरू पाहत होती. न्यायालयांनी तिला पतीच्या कर्तव्यपूर्तीची मुदत ठरविले. तीन महिन्यांनंतर त्या स्त्रीने काय खावे, हा प्रश्न एका विभक्तिप्रत्ययाच्या अर्थावर अवलंबून होता, हे कायद्याच्या इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.