हातगाडी आणि पाणी

अंधेरी, घाटकोपर, बोरिवली अथवा मुलुंड येथील स्थानकाबाहेर सायंकाळीं भेळीच्या व वड्यांच्या गाड्यांभोंवतीं गर्दी जमते. विक्रेत्याच्या अस्वच्छतेला नांवें ठेवणारेही याच गर्दींतले! या दोषाचें मूळ शोधूं गेल्यास इतिहास आपणांस पाण्यापाशीं आणून सोडतो.

१८५४ सालीं लंडन येथें डॉक्टर जॉन स्नो यांनीं पटकीचा संबंध एका सार्वजनिक पंपाशीं जोडून दाखविला. १८८४ सालीं रॉबर्ट कॉख यांस कलकत्त्याच्या एका तळ्यांत तिचे जंतु आढळले. रोग हवेंतून नव्हे, तर पाण्यांतून व अन्नांतून पसरतो, हें सिद्ध झालें.

मुंबईला नळाचें पाणी १८६० सालीं विहार तलावानें व १८७९ पासून तुळशी तलावानें पुरविलें. हे दोन्ही तलाव साष्टींतले, म्हणजे आजच्या उपनगरांतले. परंतु अंधेरी व घाटकोपर महापालिकेंत आलीं तीं १९५० सालीं, बोरिवली व मुलुंड १९५७ सालीं. पाणी आधीं शहरांत गेलें. शहर मागाहून पाण्याकडे आलें.

पुढें १९५४ सालीं भेसळीविरुद्ध आणि २००६ सालीं अन्नसुरक्षेसाठीं कायदे झाले. २०१४ च्या कायद्यानें फेरीवाल्यास ठराविक जागेचा हक्क देऊं केला. या दोहोंचा संबंध निकटचा आहे. जिला जागा नाहीं, त्या गाडीला नळ कोठून मिळणार? मग एकाच बादलींत रात्रीपर्यंत बशा विसळल्या जातात.

विक्रेत्यानें हात स्वच्छ ठेवावे, ही अपेक्षा रास्तच होय. परंतु त्यासाठीं लागणारें पाणी पुरविण्याचें कर्तव्य नगराचें आहे, हें आपण विसरतां कामा नये.