लाल शाईचे ऋण : सेंदाई ते शांघाय

परदेशी विद्यार्थ्याजवळ बसून त्याच्याशी बोलणे, त्याच्या भाषेतल्या चुका दुरुस्त करून देणे, या कामाची शिक्षणाच्या इतिहासात सहसा नोंद होत नाही. विद्यालयाच्या दप्तरात प्रवेशाची तारीख असते, गुण असतात. वर्ग सुटल्यावर कोण कोणाजवळ किती वेळ बसले, हे मात्र त्यात नसते. आधुनिक चिनी साहित्याचे प्रवर्तक लू शुन यांच्या आयुष्यात अशा दोन बैठकी आढळतात. पहिलीत ते स्वतः परदेशी विद्यार्थी होते. दुसरीत एक परदेशी तरुण त्यांच्याशेजारी बसला होता. या दोन्ही बैठकी एकत्र ठेवून वाचाव्यात, असे आम्हांला वाटते.

लू शुन 1902 साली जपानला गेले. तोक्योत जपानी भाषा शिकून 1904 मध्ये त्यांनी सेंदाईच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला. जपानने चीनचा पराभव केल्याला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती, आणि रशियाशी जपानचे युद्ध चालू होते. शरीररचनाशास्त्र शिकवणारे फुजिनो गेन्कुरो यांनी या विद्यार्थ्याला एवढेच विचारले : माझी व्याख्याने तुम्हांला उतरून घेता येतात का? मग त्यांनी वही मागवून घेतली. ती परत आली तेव्हा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लाल शाईने दुरुस्त केलेली होती. सुटलेला मजकूर भरलेला होताच, शिवाय व्याकरणाच्या चुकाही सुधारलेल्या होत्या. फुजिनोंचे विषय संपेपर्यंत हा क्रम चालू राहिला.

ही बैठक सर्वस्वी गोड होती असे मात्र समजू नये. एकदा लू शुन यांनी हाताच्या रक्तवाहिनीची आकृती काढताना ती वाहिनी थोडी सरकवली, कारण तशी ती अधिक सुबक दिसत होती. शास्त्रातली आकृती म्हणजे चित्रकला नव्हे, असे फुजिनोंनी समजावले. विद्यार्थ्याने तोंडाने होकार दिला; मनात मात्र आपलीच आकृती बरी, असे म्हटले. चिनी स्त्रियांचे पाय बांधतात म्हणजे नेमके काय करतात, त्याने हाडांना कशी विकृती येते, हेही फुजिनोंनी शास्त्रज्ञाच्या कुतूहलाने विचारले, आणि विद्यार्थी संकोचून गेला. हे दोन्ही प्रसंग लू शुन यांनी स्वतःच लिहून ठेवले आहेत, म्हणूनच त्यांचे कृतज्ञतेचे शब्दही विश्वसनीय वाटतात.

पुढे काही सहाध्यायांनी कुजबुज सुरू केली : फुजिनोंनी वहीत खुणा करून परीक्षेतले प्रश्न आधीच फोडले असावेत. ‘पश्चात्ताप कर’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होणारे एक निनावी पत्र आले. वस्तुस्थिती काय होती? 142 विद्यार्थ्यांत लू शुन यांचा क्रमांक 68 वा होता, आणि ज्या विषयाबद्दल हा संशय होता त्याच शरीररचनाशास्त्रात त्यांना 59.3 गुण मिळाले होते, म्हणजे त्या विषयात ते अनुत्तीर्ण होते. ज्यांनी वही तपासली त्यांनीच हे गुण दिले होते. चिनी माणूस मध्यम क्रमांकानेही उत्तीर्ण होऊ शकतो, हेच त्या सहाध्यायांना पटत नव्हते.

1906 साली लू शुन यांनी वैद्यकशास्त्र सोडले. गुरूंना वाईट वाटू नये म्हणून, आता जीवशास्त्र शिकणार आहे, असे त्यांनी खोटेच सांगितले. फुजिनोंनी आपले छायाचित्र दिले. मागे निरोपाच्या दुःखाचे दोन शब्द लिहिले होते. लू शुन यांच्याकडून नंतर एकही पत्र गेले नाही. वीस वर्षांनी, 1926 मध्ये, त्यांनी ‘फुजिनो सेन्सेई’ हा लेख लिहिला, तेव्हा ते छायाचित्र त्यांच्या बीजिंगच्या घरात लिहिण्याच्या मेजासमोर भिंतीवर होते.

दुसरी बैठक 1931 सालची, शांघायची. मासुदा वातारू हा जपानी तरुण चिनी साहित्याचा अभ्यास करण्यासाठी तेथे आला. उचियामा कान्झो यांच्या पुस्तकांच्या दुकानात त्याची लू शुन यांच्याशी गाठ पडली. लू शुन यांनी त्याला प्रथम वाचायला दिले ते आपले आठवणींचे पुस्तक. फुजिनोंवरचा लेख त्यातच होता. पुढे मासुदा रोज दुपारी त्यांच्या घरी जाऊ लागला. एकाच मेजाशी दोघे शेजारी बसत, आणि चिनी कथासाहित्याच्या इतिहासावरचा आपला ग्रंथ लू शुन त्याला ओळीओळीने जपानीत उलगडून सांगत. हे सुमारे तीन तास चाले. त्याच वर्षी 18 सप्टेंबरला जपानी सैन्याने मांचुरियावर आक्रमण सुरू केले, तरी ही बैठक मोडली नाही. डिसेंबरात मासुदा मायदेशी परतला. त्यानंतरही प्रश्नोत्तरांची पत्रे जात-येत राहिली.

सेंदाईचे ऋण शांघायला फेडले, असे लू शुन यांनी कुठे म्हटल्याचे आम्हांला स्मरत नाही, आणि तसे त्यांच्या तोंडी घालण्याचेही कारण नाही. परंतु 1935 साली मासुदाने केलेले त्या ग्रंथाचे जपानी भाषांतर प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी सातो हारुओ व मासुदा यांनी लू शुन यांच्या निवडक लेखनाचा संग्रह जपानीत आणला. या संग्रहात ‘फुजिनो सेन्सेई’ हा लेख अवश्य घ्यावा, एवढाच लू शुन यांचा आग्रह होता. या लेखामुळे गुरूंचा ठावठिकाणा लागेल, अशी त्यांना आशा होती. ऑक्टोबर 1936 मध्ये त्यांचे निधन झाले. भेट राहूनच गेली.

फुजिनो तेव्हा फुकुई प्रांतात वैद्यकीय व्यवसाय करीत होते. 1937 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणीत त्यांनी म्हटले की, विद्यार्थ्याला जपानी नीट येत नव्हते, म्हणून वर्गानंतर थांबून वही पाहत असे. छायाचित्र केव्हा दिले ते आता आठवत नाही. बालपणी आपण चिनी विद्या शिकलो होतो, त्यामुळे त्या देशातल्या माणसांविषयी आदर वाटे, एवढेच कारण त्यांनी दिले.

त्या वह्या हरवल्या, अशी लू शुन यांची अखेरपर्यंत समजूत होती. 1951 मध्ये त्यांच्या जन्मगावी, शाओशिंगला, सहा वह्या सापडल्या. देणाऱ्याने फारसे लक्षात न ठेवलेली ती लाल शाई आज बीजिंगच्या लू शुन संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.