एक नाणें, अनेक दरबार

चैत्री पौर्णिमेस वाडीरत्नागिरीवर, म्हणजे आपल्या जोतिबाच्या डोंगरावर, सासनकाठ्या नाचूं लागल्या कीं किती मुलुखांचीं माणसें एकत्र येतात, हें वाचकांस ठाऊक आहेच. तेथील हल्लींचें मुख्य देऊळ १७३० सालीं राणोजी शिंद्यांनीं बांधविलें. ग्वाल्हेरकरांचें तें कुलदैवत. देव एक, पण भक्तांच्या कनवटीचें नाणें मात्र एक नव्हतें. पन्हाळ्याच्या टांकसाळीचा रुपया, पुणेरी अंकुशी, चांदवडी. प्रत्येकाचा कस निराळा, आणि परमुलुखांत त्यावर सराफ बट्टा कापून घेणार!

१८३५ सालीं कंपनी सरकारनें १८० ग्रेन वजनाचा, त्यांत १६५ ग्रेन शुद्ध चांदी असलेला, एकच रुपया ठरविला. पुढें ठिकठिकाणच्या टांकसाळी थंडावल्या व कलदार घरोघर पोंचला. बट्ट्याचा जाच गेला, हा लाभ आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं.

पण त्याची किंमत काय पडली? १८९३ त सरकारनें टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद केल्या, आणि रुपयाचें मोल त्यांतील चांदीवर न राहतां हुकमावर राहूं लागलें. महायुद्धापूर्वीं रुपयाचा दर १६ पेन्स होता. १९२७ सालीं कायद्यानें तो १८ पेन्स झाला. म्हणजे विलायतेंत एका पौंडास विकलेल्या भुईमुगाचे पूर्वीं पंधरा रुपये येत, ते आतां तेरा रुपये पांच आणे चार पै येऊं लागले. सावकाराच्या खतावरील आंकडा मात्र तसूभर हलला नाहीं. करवीर दरबाराला स्वतःचा सारा होता, न्यायकचेरी होती. पण हा दर ठरविण्यांत त्याचा शब्द नव्हता. कुणब्यानें गाऱ्हाणें सांगावें कोणापुढें?

निजामानें हाली शिक्का राखला खरा. परंतु सात हालीस सहा कलदार हा दरच सांभाळावा लागे. ही स्वतंत्रता आम्हांस बरीचशी नांवाची वाटते.

युरोपांतील राष्ट्रांनीं १९९९ त युरो स्वीकारला. तेथेंही कर व कर्ज ज्याचें त्याचें, नाणें सर्वांचें. २०१० पासून ग्रीस कर्जांत बुडत असतां नाणें स्वस्त करून माल खपविण्याची वाट त्याला मोकळी नव्हती; मजुरी व पेन्शनींस कात्री लागली. तथापि ग्रीसला त्या मंडळींत निदान बसावयास खुर्ची होती. कोल्हापुरास तीही नव्हती.

१ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर मुंबई प्रांतांत विलीन झालें. खजिना, कचेऱ्या, कायदे सारें बदललें; बाजारांतला रुपया तेवढा तोच राहिला.